गार लागणारा धातू बर्फ आधी वितळवतो
रात्रभर एकाच खोलीत पडलेलं लोखंड आणि लाकूड सारख्याच तापमानाचं असतं, लोखंड फक्त हातातली उष्णता भराभर ओढून घेतं म्हणून गार लागतं, हे अगदी बरोबर. पण नुसतं सांगून कुणाला पटत नाही हो. त्यापेक्षा बर्फाचे दोन सारखे खडे घ्या, एक लाकडी पाटावर ठेवा, दुसरा अ‍ॅल्युमिनियमच्या जाड तव्यावर. सगळे पैज लावतात की 'गार' तव्यावरचा बर्फ जास्त टिकेल. होतं उलटंच! तव्यावरच्या खड्याखाली बघता बघता पाणी साचतं आणि तो घसरायला लागतो. पाटावरचा मात्र तसाच बसलेला. हातातून उष्णता ओढणारा धातू तितक्याच तत्परतेने ती बर्फाला देतो.

आणि सगळे धातू एका माळेचे मणी नव्हेत. अ‍ॅल्युमिनियमची उष्णतावाहकता (म्हणजे उष्णता किती भराभर वाहून नेतो त्याचं माप) २०० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या पुढे, स्टेनलेस स्टीलची जेमतेम १५, लाकडाची १ च्याही खूप खाली. त्यामुळे स्टीलच्या ताटावर हा प्रयोग तेवढा रंगत नाही. तवा जाडच घ्या, पातळ पत्र्यात बर्फाला द्यायला पुरेशी उष्णताच नसते.