वर्ग कसा चाललाय, हे विद्यार्थ्याने सांगावं का?
(चौघांची चर्चा; प्रत्येकाच्या मजकुरावर त्याचं टोपणनाव आहे.)

अर्धा हात
पंधरा वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतोय. गेल्या सत्रात माझ्या विषयाची नसलेली एक विद्यार्थिनी आठवड्यातून एकदा तासाला मागे बसायची आणि दिसेल ते वेळेसकट टिपायची. मत द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. पहिल्याच आठवड्यातली ही नोंद: ‘१०.२२ – सरांनी विचारलं, कळलं ना? तिसऱ्या रांगेतल्या मुलीने हात अर्धा वर केला. १०.२२ – सर फळ्याकडे वळले. हात खाली.’

तो अर्धा हात मला कधीच दिसला नसता. सत्र संपल्यावर भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या फॉर्ममध्येही तो येत नाही. तिथे ‘चांगलं शिकवतात’ एवढंच असतं, आणि तेही ती मुलं पुढे गेल्यावर हाती पडतं.

कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजात शिक्षक आणि निरीक्षक विद्यार्थी अशा जोड्या बरीच वर्षं काम करतायत, आणि विद्यार्थ्यांना त्याचा मोबदला मिळतो. हे सगळीकडे व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

खडूफळा
माझा विरोध आहे. शिकणाऱ्याला काय आवडतं आणि तो किती शिकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्वर्डमधल्या पदार्थविज्ञानाच्या वर्गांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी गटात बसून स्वतः डोकं चालवून गणितं सोडवली, त्यांना चाचणीत जास्त मार्क मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांचं नेमकं उलट. मग त्यांच्या सांगण्यावरून वर्ग बदलला, तर आपण हळूहळू कानाला गोड लागणारं शिकवायला लागू. अवघड भागाशी झुंजायला लावणं हे शिक्षकाचं काम आहे, आणि ते त्या क्षणी कुणालाच आवडत नाही.

अर्धा हात
अभ्यास अगदी योग्य आठवलात. म्हणूनच मी मत मागत नाही, नोंद मागतो. विज्ञान-शिक्षणाच्या अमेरिकन अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळेतले विज्ञानाचे तास तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. हे मला आधीपासून ठाऊक होतं. तरी मी थांबत नव्हतो, आणि थांबत नाही हे मला कळतही नव्हतं.

दुसरं वर्ष
विद्यार्थी म्हणून सांगते. माझे मार्क ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्याबद्दल मी खरं लिहिणार नाही. निरीक्षक दुसऱ्या विषयाचा हवा, ही अट सोडली तर सगळं मुसळ केरात. आणि निवडताना दर वेळी फर्डं बोलणारी मुलंच घेऊ नका. अर्धा हात कुणाचा असतो, हे अर्धा हात वर करणाऱ्यालाच लवकर दिसतं.

मानधनावर
माझी नोकरी दर सत्राला नव्याने ठरते. निरीक्षकाच्या नोंदींची वही विभागप्रमुखांच्या टेबलावर गेली, तर माझ्या एका फसलेल्या तासाची मला केवढी किंमत मोजावी लागेल? कायम असलेल्यांना प्रयोग परवडतात.

अर्धा हात
ही भीती खरी आहे, आणि माझ्याकडे तिला पूर्ण उत्तर नाही. आमच्याकडे वही शिक्षकाकडेच राहते, वर काहीच जात नाही. तेवढं लेखी मिळाल्याशिवाय तुम्ही हो म्हणू नका.

खडूफळा
विषयात काय घ्यायचं आणि काय गाळायचं, हे त्या वहीत येणार नसेल, तर मी एक महिना करून बघेन. पण मार्कांची चाचणी लावून. मुलं खूश झाली, एवढ्यावर मी मानणार नाही.

अर्धा हात
लावा. पहिल्या आठवड्यात फक्त प्रश्नानंतरचे सेकंद मोजायला सांगा.