इफेक्टचे नाव की मॅचनेम?
आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ-ॲनिमेशन सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये (कामे आपोआप करून घेणाऱ्या कोडमध्ये) इफेक्ट जोडताना पॅनेलवर दिसणारे नाव दिले की काम भागते, असे म्हटले जाते. ते इंग्रजी आवृत्तीपुरतेच खरे आहे. चाळीस नावपट्ट्यांना ब्लर लावणारी माझी स्क्रिप्ट सहकाऱ्याच्या जपानी आवृत्तीत पहिल्याच लेयरवर अडली, कारण तिथे इफेक्टचे नाव जपानीत होते. इफेक्ट जोडणाऱ्या ॲडप्रॉपर्टी या आज्ञेला ‘एडीबीई गॉशियन ब्लर २’ हे मॅचनेम, म्हणजे इफेक्टचे सॉफ्टवेअरमधले अंतर्गत नाव, दिल्यावर ती सुरळीत चालली, कारण मॅचनेम भाषेनुसार बदलत नाही. एक्सप्रेशनमध्येही, म्हणजे लेयरच्या गुणधर्माला जोडलेल्या छोट्या कोडमध्येही, हीच अडचण येते. म्हणून स्लायडर कंट्रोल या आकडा ठरवणाऱ्या इफेक्टचे मूल्य वाचताना ‘स्लायडर’ हे नाव न लिहिता कंसात नुसता १ हा क्रमांक लिहावा, आणि कंट्रोलला स्वतःचे वेगळे नाव आठवणीने द्यावे.