जपानी मेपल पुण्यात जगत नाही. मग बागेला जपानी म्हणायचं की नाही?

परसदार:
कोथरूडला घरामागे वीस बाय तीसचं परस आहे. तिथे जपानी पद्धतीची बाग करायचं डोक्यात आहे. गेल्या दिवाळीत एक जपानी मेपल आणला, साडेतीन हजारांचा. विकणारा म्हणाला, "पुण्याच्या हवेला सेट झालाय साहेब." होळीला पानांच्या कडा करपल्या, अक्षय्य तृतीयेपर्यंत काडी उरली.

आता ठरवलंय की मेपल, चेरी, अझेलिया यांच्या नादी लागायचं नाही. सायकस, कुंती, पोडोकार्पस, खाली मोंडो ग्रास, कोपऱ्यात बांबू, आणि काळा पाषाण आपल्याकडे आहेच. माझं म्हणणं असं: जपानी बाग रोपांच्या जन्मगावावरून ठरत नाही. दगड कुठे बसवला, झाड कसं छाटलं, किती जागा मोकळी सोडली, यावरून ठरते. मेहुणा म्हणतो, "मग सरळ सोसायटीचं गार्डन म्हण की." तुम्ही काय म्हणता?

शंकेखोर:
मेहुणा बरोबर आहे. उपासाला वरी शिजवली तर तिला भगर म्हणतात, भात म्हणत नाहीत. खाताना छान लागते, वाद नाही. पण नाव वेगळं.

जपानी बागेचा जीव ऋतू बदलण्यात आहे. आधी प्लम फुलतो, मग चेरी, मग अझेलिया, शरदात मेपल लाल होतो आणि शेवटी बर्फात पाइन उरतो. कानाझावाच्या केनरोकुएन बागेत नोव्हेंबर लागला की पाइनच्या फांद्यांना बर्फाचं ओझं पेलावं म्हणून वरून दोऱ्या बांधतात. तो सोहळाच असतो. तुमची कुंती बारा महिने हिरवीगार. जानेवारीत आणि ऑक्टोबरमध्ये फोटो काढलात तर तारीख ओळखता येणार नाही.

ओकायामा_रिटर्न:
ओकायामाला तीन वर्षं होतो, घरापासून कोराकुएन सायकलवर. जपानच्या तीन नावाजलेल्या बागांपैकी ही एक. इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 मध्ये काम सुरू केलं, 1700 मध्ये पुरं झालं. शंकेखोर म्हणतात ते सगळे ऋतू तिथे आहेत. पण बागेत शिरल्यावर आधी काय दिसतं? हिरवळ. लांबच लांब हिरवळ, त्यातून वाहणारं पाणी, चहाचा छोटा मळा आणि चक्क भातखाचर! सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून बेतलेलं आहे. तिथे हिरवळ आणि पाणी पाहिलं की मला कोराकुएनच आठवते, मेपल असो वा नसो.

आणि सायकसला हसू नका. क्योतोच्या कात्सुरा राजवाड्याच्या बागेत चहाघराकडे जाताना पाहुणे जिथे थांबतात, त्या बाकासमोर सायकसचा उंचवटा आहे. दक्षिणेकडच्या सात्सुमाच्या शिमाझू घराण्याने ती झाडं भेट दिली असं सांगतात. क्योतोची थंडी त्यांना सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात पेंढ्याने गुंडाळून ठेवतात. म्हणजे परक्या हवेतलं झाड हौसेने लावायचं आणि मग त्याचे लाड पुरवायचे, हा खेळ तेही खेळले.

शंकेखोर:
म्हणजे माझाच मुद्दा झाला. सायकस तिथे चिमूटभर हिंगासारखा आहे. भोवती पाइन, मेपल, शेवाळ, सगळी जपानी फोडणी तयार होती. परसदारांना हिंगाचीच आमटी करायची आहे.

ओकायामा_रिटर्न:
हिंगाचं पटलं, हसलो. पण शेवाळाचं ऐका. क्योतोचं साइहोजी मंदिर शेवाळासाठी प्रसिद्ध, सुमारे 120 प्रकार आहेत म्हणतात. 1339 मध्ये मुसो सोसेकी या झेन भिक्षूने ती बाग नव्याने मांडली, तेव्हा हे शेवाळ त्याच्या आराखड्यात नव्हतं. पुढे देखभाल कमी झाली, ओल होतीच, शेवाळ आपसूक पसरलं. आज लोक तेच बघायला जातात. जागेला जे मानवलं तेच बागेची ओळख झालं.

उलट क्योतोच्याच तोफुकुजी मंदिरात चेरी नाही. चेरी फुलली की लोक मौजमजेला गर्दी करतील, म्हणून एका भिक्षूने शोगुनला, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाला, सांगून ती झाडं तोडायला लावली, अशी तिथली कथा आहे. तेव्हा चेरी नसली म्हणून कुणी जपानीपण काढून घेत नाही.

कात्रीवाला:
नर्सरी चालवतो, एकवीस वर्षं झाली. तात्त्विक वाद तुमचा चालू द्या.

मेपलला थंडीत झोप लागते, खरोखरची झोप. पुण्यात जानेवारीत रात्री गारठा पडतो, पण दुपारी तीसच्या आसपास पारा. झाड ना धड झोपतं ना जागं राहतं. मग मार्चचं कोरडं वारं आणि बोअरच्या पाण्यातले क्षार, की पानांच्या कडा जळतात. "सेट झालेला" म्हणजे विकेपर्यंत शेडनेटखाली ठेवलेला. अझेलियाला आम्लधर्मी माती लागते, आपली काळी माती नेमकी उलट.

तुमच्या यादीत पोडोकार्पस सगळ्यात चांगला. जपानी बागांमध्ये तो पाइनसारखाच थर सोडून छाटतात आणि इथे तो मुकाट्याने वाढतो. मोंडो ग्रासला मे महिन्यात सावली द्या. बांबू बेट करणारा घ्या, धावणारा घेतलात तर पुढच्या वर्षी शेजारी तुम्हाला शोधत येईल. सायकस विषारी असतो, बिया तर जास्तच. घरात कुत्रं असेल तर विचार करा.

दोन_कुंड्या:
जपानच्या पार दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांचं कुणीच कसं बोललं नाही? नाहाला शिकिनाएन नावाची राजघराण्याची बाग आहे, जागतिक वारशात आहे. तिथे ना थंडी, ना लाल मेपल. तिकडचा गाजुमारू म्हणजे आपलं नांदरूक, अगदी तीच जात! आणि कुंतीची कुंपणं ओकिनावात घरोघरी दिसतात. परसदार, जिंकलात.

शंकेखोर:
जिंकले कसले? शिकिनाएन र्‍युक्यू राजांची, आणि र्‍युक्यू तेव्हा वेगळं राज्य होतं. तळ्यातला षटकोनी मंडप, कमानीचे पूल, सगळी चिनी छाप. ही बाग क्योतोच्या खात्यावर मांडू नका.

कात्रीवाला:
आणि कुणाच्या का राजाचं असेना, वीस बाय तीसमध्ये नांदरूक जमिनीत लावू नका. भिंत उचलेल. कुंडीत चालेल.

न्यूजर्सीकर:
माझ्या दारात जपानी मेपल आहे, न विचारता वाढतो. अझेलिया मात्र हरणं खाऊन जातात, तेव्हा इकडेही सगळं गोड नाही.

पण एक सांगतो. आम्ही तुळस कुंडीत लावतो, थंडी पडली की घरात घेतो, खिडकीत दिव्याखाली ठेवतो. दर वर्षी अर्धी मरते, दर वर्षी नवीन आणतो. बायकोला कुणी म्हणालं की इथल्या हवेला मानवेल तो पुदिना लाव, दिसतो तसाच, तर काय होईल? काही झाडांचा हट्ट हाच मुद्दा असतो. परसदारांना मेपल हवाच असेल तर कुंडीत, पूर्वेकडे, सकाळचंच ऊन. एक मेला म्हणून मेपलने काय घोडं मारलं?

परसदार:
तुळशीचं मनाला लागलं. पण मी मेपलची पूजा करत नाही हो, साडेतीन हजार गेले याचंच दुःख आहे.

रानवाट:
सगळे लाल पानांसाठी शरदाकडे का बघताय? आपल्याकडे लाल रंग चैत्रात येतो. फाल्गुन सरता सरता कुसुंबाखाली उभे राहा, कोवळी पालवी इतकी लाल की लांबून फुलं वाटावीत. जपानमधल्या बागांच्या अकराव्या शतकातल्या ग्रंथात, साकुतेइकीत, सांगणं असं आहे की नामांकित निसर्गस्थळं डोळ्यांसमोर आणा, त्यांतलं सार घ्या आणि आपल्या जागेला साजेल असं बसवा. ते त्यांच्या देशातली स्थळं आठवत होते. पुण्यातल्या माणसाने ताम्हिणीतला ओढा आठवावा.

शंकेखोर:
कुसुंबाचं मला आवडलं. पण ते झाड वीस बाय तीसमध्ये मावणार नाही आणि तुमची नातवंडं त्याखाली बसतील. बाकी ताम्हिणीच्या ओढ्यावरून बाग केली तर तिला सह्याद्रीची बाग म्हणा ना! एवढं सुंदर नाव असताना जपानी म्हणवून घ्यायची हौस का, एवढंच मी पहिल्यापासून विचारतोय.

परसदार:
बरं, पाटी लावत नाही. मेहुण्याला तेवढंच हवं होतं. ओकायामावाले, पेंढ्याचा उलटा प्रयोग करतो, मे महिन्यात मोंडो ग्रासवर शेडनेट. कात्रीवाले, एकच विचारतो: थर सोडून छाटायला कुंती किती उंचीची आणू? नर्सरीत सहा फुटी छान दिसत होत्या.

कात्रीवाला:
दोन फुटी. सहा फुटी आणलीत तर कुणीतरी आधीच तिचा लाडू करून ठेवलेला असतो, तो उलगडायला चार वर्षं जातील.