धाक की आधार: मर्यादित पैशात नेमकं काय करावं?

पायवाट: चोरी-मारामारीत अडकलेल्या तरुणांसाठी उपक्रम आखायचा आहे. पैसा बेताचाच. समुपदेशन घ्यावं की थेट रोख मदत द्यावी? तुरुंग दाखवून धाक बसवण्याच्या सहली काढाव्यात, असाही एक आग्रह आहे.

साकव: सहलीचं आधी डोक्यातून काढा. अमेरिकेतल्या ‘स्केअर्ड स्ट्रेट’ धर्तीच्या उपक्रमांच्या चाचण्यांत, सहलीला नेलेली मुलं न नेलेल्यांपेक्षा जास्तच गुन्ह्यांत सापडली. मुळात शिक्षा किती वर्षांची, यापेक्षा आपण पकडले जाऊ ही खात्री माणसाला आवरते.

रोख की समुपदेशन, याची सरळ चाचणी लायबेरियात मनरोव्हियामध्ये झाली. ९९९ तरुण, चिठ्ठ्या टाकून चार गट: नुसतं समुपदेशन, नुसते २०० डॉलर, दोन्ही, काहीच नाही. नुसत्या रोखीचा परिणाम लवकर विरला, नुसतं समुपदेशन वर्षभरात फिकं पडलं. दोन्ही मिळालेल्यांत मात्र चोऱ्या आणि गैरवर्तन दहा वर्षांनीही जवळपास निम्म्यावर होतं.

पायवाट: समुपदेशन म्हणजे व्याख्यानं?

साकव: नाही हो, व्याख्यानांनी कुणी बदलत नाही. साधारण वीस जणांचा गट, आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. राग आला की थांबायचं कसं, याचा सराव. मग गृहपाठ: केस कापून, नीट कपडे घालून बँकेत जायचं, खात्याची चौकशी करायची आणि काय घडलं ते गटात सांगायचं. रोख रक्कम शेवटी. क्रम उलटा करू नका. हातातल्या पैशावर नव्या वागण्याचा सराव काही दिवस चालू राहतो, असा अभ्यासकांचा कयास आहे.

उंबरठा: रोजगाराचाही विचार करा, पण त्याची मर्यादा ओळखून. शिकागोत शाळकरी मुलांना उन्हाळ्यात आठ आठवडे अर्धवेळ काम दिलं. पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी घटल्या. चोऱ्यांत तशी घट दिसली नाही. म्हणजे तुमच्या यादीतल्या मारामारीवर हा उपाय, चोरीवर नव्हे.

आणि तुरुंगातून सुटून येणारे असतील तर सुटकेचा वार बघा. शुक्रवारी सुटलेल्याला कार्यालयं, दवाखाने सोमवारपर्यंत बंद. तोवर जुनी टोळीच आसरा देते. याच कारणाने इंग्लंड-वेल्समध्ये २०२३च्या कायद्याने अशी सुटका दोन दिवसांपर्यंत अलीकडे आणता येते. ओळखपत्र, चालू औषधं आणि पहिल्या रात्रीची जागा यांची सोय सुटकेआधीच लावा.