लग्नाआधी लायसन्स काढावं लागते का? नवरदेव फक्त २२ दिवसांच्या सुट्टीवर

बर्डीवाली
नमस्कार मंडळी, घाईत लिहून राहिली आहे, चुका सांभाळून घ्या. माझं लग्न डिसेंबरात आहे, नागपुरातच, हॉल बुक झाला, पत्रिका उद्या-परवा छापायला जाईल. होणारा नवरा मूळचा इथलाच पण नोकरीला न्यू जर्सीत, आणि सुट्टी मिळाली मोजून २२ दिवस. आता त्याच्या तिकडच्या मित्राने डोक्यात भरवलं की लग्नाआधी मॅरेज लायसन्स काढावंच लागते, नाहीतर लग्न कायद्यात बसतच नाही, तो स्वतः काढून आला म्हणे. तेव्हापासून हा रोज रात्री फोन करून "ऑफिसात जाऊन विचारलं का" हेच लावून बसला आहे. बाबा म्हणतात आमच्या वेळी कुठलं लायसन्स, अक्षता पडल्या की झालं. आई म्हणते सर्टिफिकेट काढा नंतर निवांत, पण निवांत कसं, मला बायको म्हणून तिकडे जायच्या एच-४ व्हिसासाठी तेच तर लागणार. दोघंही हिंदू आहोत, आंतरजातीय वगैरे पण नाही. तर आधी नक्की काय करायचं आणि नंतर काय, कोणी नीट सांगेल का?

धंतोलीचा_काका
पोरी, तो मित्र खोटं नाही बोलून राहिला, पण तो तिकडचं सांगून राहिला. न्यू जर्सीत आधी अर्ज करा, ७२ तास थांबा, मग लायसन्स घ्या अन् मग लग्न, असा नियमच आहे. न्यूयॉर्कात २४ तास थांबायचं, कॅलिफोर्नियात थांबायचं कामच नाही, दर राज्याचं वेगळं. आपल्या इथं १९५५ चा हिंदू विवाह कायदा, त्यात लग्नाआधी कोणाची परवानगी घ्या असं कुठंच नाही. रीतीप्रमाणे विधी झाले, सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं, की लग्न पूर्ण. नोंदणी त्याच्या नंतर. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे, लग्नापासून ९० दिवसांत नोंद करायची, उशीर झाला तर दंड. नागपुरात महापालिकेचे १० झोन आहेत, आपल्याला कोणतं लागते ते आधीच एकदा जाऊन विचारून ठेव, लग्नाच्या गडबडीत धरमपेठ का लक्ष्मीनगर करत फिरू नको.

नोटीस_बोर्डावरचे_आम्ही
काकांचं बरोबर आहे पण "आधी"वालं प्रकरण आपल्याकडे पण आहे बरं का, १९५४ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, आमचं त्यातलंच, आमचे धर्म वेगळे. त्यात मॅरेज ऑफिसरला आधी लग्नाची नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकाने तरी त्याच जिल्ह्यात आधीचे सलग ३० दिवस राहिलेलं पाहिजे. मग ती नोटीस ऑफिसात लागते, ३० दिवस कोणालाही हरकत घेता येते, त्यानंतरच लग्न, ३ साक्षीदारांसमोर. आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत उरकलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आमची लागली होती जिन्याच्या बाजूच्या बोर्डावर, माझ्या आत्याचे शेजारी दुसऱ्याच कामाला गेले नं बाप्पा, त्यांनी ती अख्खी वाचली आणि संध्याकाळी आत्याकडे चहाला! ते ३० दिवस मी फोन वाजला की दचकायची. ताई, तुमचा नवरदेव २२ दिवसांसाठी येऊन राहिला, त्यात हे ३० दिवस बसतच नाहीत, आणि तुम्हाला गरज पण नाही.

वर्धा_रोड_एक्सप्रेस
एवढं कायले टेन्शन घेता. एजंटला पैसे द्या, लग्नाच्या आधीच सर्टिफिकेट हातात, हॉलवालं लग्न होत राहील नंतर. माझ्या दोस्ताने तसंच केलं.

धंतोलीचा_काका
@वर्धा_रोड भाऊ, असे सल्ले देऊ नका. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात नेमकी हीच केस आली होती, दोघं पायलट, विधी काहीच झाले नव्हते, एका संस्थेचं सर्टिफिकेट घेऊन नोंदणी केली अन् समारंभ ठेवला पुढच्या तारखेला. मधातच बिनसलं. कोर्ट म्हणालं विधीच नाही तर हे लग्नच नाही, कागद रद्द. व्हिसासाठी लोक असं करतात हे पण त्यात लिहिलं आहे. उद्या कोणी तारखा जुळवून पाहिल्या, पत्रिका १४ ची अन् सर्टिफिकेट २ चं, तर पोरीने काय सांगायचं?

दीक्षाभूमी_जवळ
काका, आमचं बौद्ध पद्धतीने आहे, सप्तपदी नसते. मग?

धंतोलीचा_काका
काही फरक नाही. कायदा बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू आहे अन् विधी ज्याच्या त्याच्या रीतीचा चालतो.

मिनूची_मोठी_बहीण
सगळं कायद्याचं झालं, आता माझं ऐक, कारण आम्ही याच्यात आठ दिवस घालवले. पत्रिका!! नोंदणीच्या कागदात पत्रिका जोडावी लागली. बहिणीच्या पत्रिकेवर बाबांनी हौसेने छापलं "चि. सौ. कां. मिनू", आधार पासपोर्टवर नाव वेगळंच. त्यात लग्नात ताटात तांदूळ पसरून जावयांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं, ते तिसरं, आणि फॉर्म भरताना दिराने तेच टाकलं. खिडकीतला माणूस चष्म्यावरून पाहतो, "मुली तीन आहेत का?" शेवटी अ‍ॅफिडेव्हिट करावं लागलं. तर पत्रिकेवर पासपोर्टवालंच नाव, स्पेलिंगसकट, तांदळातलं नाव तांदळातच राहू दे. फोटोग्राफरला सांग की दोघांचे चेहरे दिसतील असा विधीचा एक फोटो दुसऱ्याच दिवशी प्रिंट करून दे, आमचे सगळे चांगले फोटो अंतरपाटाचे, त्यात जावई कुठे आहेत तेच दिसत नाही. साक्षीदार नागपुरातलेच तिघं धर, आमच्या वेळी तिघांना स्वतः यावं लागलं आणि मामा तोवर अकोल्याला परत गेले होते. आणि फॉर्मवर गुरुजींची सही लागते, ती मांडवातच घे, दक्षिणा द्यायच्या आधी. डिसेंबरात त्यांचे दिवसाला दोन-दोन मुहूर्त असतात, नंतर सापडत नाहीत. लग्न सुट्टीच्या शेवटी नको, पहिल्या आठवड्यात ठेव.

बर्डीवाली
अरे देवा. प्रेसवाल्याला आत्ताच फोन केला, "चि. सौ. कां. गुड्डी" असं कंपोज करून बसला होता, थांबवलं. तारीख नशिबाने तो आल्यावर पाचव्या दिवशीच आहे. उद्या झोनला जाऊन कागदांची यादी आणते, फॉर्म तिथेच मिळाला तर तो पण. त्याला काकांचा मेसेज पाठवला, दहा मिनिटं टाइप करून राहिला आहे.