एच११० बोर्डावर आय५-८४०० बसला पण डिस्प्ले येईना

कृष्णाकाठ (सांगली):
मंडळी अर्जंट आहे. माझ्याकडं एच११० मदरबोर्ड आणि इंटेलचा आय३-६१०० सीपीयू (प्रोसेसर) आहे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, एक्सपोर्ट लावून जेवून आलो तरी निम्म्यावरच असतंय. म्हणून सेकंडहँड आय५-८४०० घेतला. घ्यायच्या आधी बघितलं होतं बरं का, दोन्हीकडं सॉकेट (सीपीयू बसायची जागा) ११५१ च लिहिलंय. खाच जुळली, लिव्हर दाबला, पेस्ट लावली, फॅन फिरतोय पण स्क्रीन काळी. रॅम खोडरबरानं घासून झाली. गेलेला माल गळ्यात मारला का मला?

जुनापीसी (सातारा):
गेलेला नसणार. ११५१ दोन आहेत भावा. २०१५ चा इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनसाठी (तुझा आय३ सहाव्यातला), बोर्ड १०० (तुझा एच११० त्यातलाच) नाहीतर २०० सिरीजचा. २०१७ ला आठवी (तुझा ८४००) आली तेव्हा पिना तेवढ्याच ठेवल्या पण कुठली पिन कशाला ही वाटणी बदलली, पॉवरच्या १२८ होत्या त्या १४६ झाल्या, त्याला ३०० सिरीजचाच बोर्ड लागतो. जुना आय३ लावून बघ, बहुतेक चालू होईल. आणि सीपीयू काढताना हळू, इंटेलच्या पिना सॉकेटात असतात, एक वाकली की बोर्ड गेला.

कृष्णाकाठ:
लावला, झाला चालू! जीव भांड्यात पडला. आता बोर्ड बदलू का सीपीयू?

हळदभंडारा:
विकणारा परत घेत असंल तर आय५-७५०० नाहीतर आय७-७७०० बघ, तुझ्याच बोर्डावर चालतील, फक्त आधी बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट. नसंल घेत तर एच३१० किंवा बी३६० बोर्ड शोध, तुझी रॅम डीडीआर४ असंल तर तीच चालंल. पण एडिटिंगला ८४०० चे सहा कोअर सोडू नकोस, ७५०० ला चारच आहेत.

अजिंक्यतारा_०७:
बायोस जुना सीपीयू बसवूनच करायचा हां, आणि यूपीएसवर. मी एएमडीच्या बी४५० बोर्डावर रायझन ५६०० सीपीयू टाकायला गेलो, पावसाचे दिवस, अपडेट ६० टक्क्यावर आणि लाइट गेली. बोर्डाची वीट झाली. दुकानदारानं बायोसची चिप काढून वेगळ्या मशीनवर भरून दिली म्हणून वाचलो.

कृष्णाकाठ:
परत घेत नाही म्हणतोय. एच३१० बघतो मग. रविवारी हळदीचं शूटिंग आहे, तोवर आय३ लाच ढकलतो.