चाकूला कोणतं तेल लावावं? फळं पण त्यानेच कापतो

माझा घडीचा चाकू आहे, कार्बन स्टीलचा, बिजागरी घट्ट झालीय आणि पात्यावर गंजाचे ठिपके दिसायला लागलेत. घरातलं शेंगदाणा तेल लावलं तर चालेल का? पोटात गेलं तर त्रास नको म्हणून विचारतोय.

उत्तर १: खायचं तेल नका लावू प्लीज. पोटाला काही होणार नाही पण हवेने ते हळूहळू घट्ट चिकट होतं, वास मारतो, आणि बिजागरीत गेलं की धूळ धरून आणखी जाम. फूड ग्रेड मिनरल ऑइल (खाण्याच्या वस्तूंना लागलं तरी चालेल असं शुद्ध खनिज तेल) घ्या, लाकडी चॉपिंग बोर्डला लावतात तेच, खवट होत नाही.

उत्तर २: सहमत. मशीनचं किंवा इंजिन ऑइल तर अजिबातच नको, त्यात मिसळलेली रसायनं (ॲडिटिव्ह) खाण्यासाठी नसतात. आणि आधी चाकू धुवून पूर्ण कोरडा करा, ओल राहिली तर तेलाखालीही गंज चढतो. बिजागरीत एकच थेंब, चारपाच वेळा उघडझाप करा, बाहेर आलेलं पुसून टाका. पात्याला अगदी पातळ हात, धारेच्या दिशेने बोट नेऊ नका.

प्रश्नकर्ता: थँक्स, मग शेंगदाणा तेल कॅन्सल. डब्यावर फूड ग्रेड लिहिलंय का बघूनच घेतो.